ताप नसलेली मुलगी

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीतल्या कपाटात, कापसाच्या गादीवर माझा मुक्काम असे. काचेच्या नळीत पारा भरून मला घडवलं, कोमट पाण्यात बुडवून माझी परीक्षा घेतली आणि कारागीर म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." तेव्हापासून मी जरा शिष्टच झालो.

स्वभावाने मी भारी चौकस. जिभेखाली गेलो की मधल्या सुट्टीत कोणी काय खाल्लं ते मला कळे. गणिताची चाचणी असली की मला चड्डीवर घासून पारा चढवणारे बहाद्दरही मी पाहिले. नर्सबाई हसत हसत त्यांना वर्गात पिटाळत. "याच्यापुढे कोणाची लबाडी चालत नाही," असं त्या म्हणाल्या की काचेचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

एका वर्षी पाचवीतली एक मुलगी दर मंगळवारी तिसऱ्या तासाला पोट धरून येऊ लागली. मी दर वेळी साडेअठ्ठ्याण्णव दाखवी. "ताप नाही. पळ वर्गात!" नर्सबाई म्हणत. माझ्या साक्षीवर वर्गशिक्षिकेने तिला ढोंगी ठरवलं. मुलं तर तिला 'मंगळवारची पेशंट' म्हणून चिडवू लागली. मला मात्र कोडं पडलं. लबाड मुलं पाऱ्याकडे चोरून बघत. ही डोळे घट्ट मिटून बसे आणि तिची जीभ कोरडी ठाक असे. हे काय असावं? माझ्या अंगावरच्या रेघांत त्याला जागाच नव्हती.

पाचव्या मंगळवारी तिचे दात माझ्यावर कटकट वाजू लागले. तो आवाज नर्सबाईंनी ऐकला. मला न वाचताच त्यांनी बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ स्टूल ओढलं.

"मंगळवारी तिसरा तास कसला असतो गं?"

"उभं राहून मोठ्याने वाचायचा," ती पुटपुटली. "माझं अडतं. मग सगळे हसतात. सोमवारपासूनच पोटात गोळा येतो."

"मग दुखणारच की, बाळा!"

"म्हणजे... तुम्हाला खरं वाटतं?" तिने विचारलं आणि तिला रडू कोसळलं. मला माझीच फार लाज वाटली.

नर्सबाई वर्गशिक्षिकेशी बोलल्या. ऐकून शिक्षिकाबाईंचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गातलं हसणं बंद केलं. मुलगी रोज मधल्या सुट्टीत आमच्या खोलीत येऊन पाच ओळी वाचू लागली. अडली की नर्सबाई म्हणत, "श्वास घे. घाई कुणाला आहे?" जादू काही झाली नाही, बरं का. पुढेही काही मंगळवारी ती आली, पाणी प्यायली, थोडा वेळ बसली. पण मग आपणहून उठून म्हणाली, "जाते मी. आज माझा नंबर आहे."

आता बटणाचा नवा थर्मामीटर आला आहे आणि मी खणात पडून असतो. त्याचं काही वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, कोणी पोट धरून बसलेलं दिसलं तर आमच्या एका आकड्यावर त्याचा निकाल लावू नका. ताप किती ते आम्ही सांगू. कशाची भीती वाटते, हे मात्र माणसाने माणसाला विचारावं लागतं, आणि उत्तर आलं की ते खरं मानावं लागतं.