लकव्यानंतरचा चेहरा

स्नेहलने तिसऱ्यांदा तो चेहरा सुरीने खरवडला. कॅनव्हासवर नुसता मातकट डाग उरला.

२००९ चा डिसेंबर होता. आठवडाभरापासून ती रोज सकाळच्या बसने गोंदियाहून कामठ्याला येत होती. वय तीस. नागपूरला चित्रकला शिकून आल्यापासून ती फक्त माणसांची तोंडं रंगवायची, तीही तैलरंगात. गोंदियात भरलेल्या एका प्रदर्शनात धनेंद्र टेंभरेने तिची चित्रं पाहिली आणि आईचं चित्र काढायला तिला घरी आणलं.

धनेंद्रची आई जमुनाबाई. वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला होता. तोंडाची डावी बाजू ओघळली होती, डावा डोळा नीट मिटत नव्हता, बोलताना शब्द जड यायचे. धनेंद्रच्या वडिलांनी, लक्ष्मीचंद टेंभऱ्यांनी, पहिल्याच दिवशी स्नेहलच्या हातात लग्नाचा फोटो ठेवला. थोडं वय वाढवा, म्हणाले, पण तोंड असंच सरळ पाहिजे. आजार दिसायला नको.

स्नेहल फोटोवरून चेहरा काढायची आणि समोर बसलेल्या जमुनाबाईंवरून लुगडं, हात, खांदे. चेहरा काही केल्या त्या खांद्यांवर बसेना. खरवडायची, पुन्हा काढायची. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.

तिसऱ्यांदा खरवडल्यावर जमुनाबाई म्हणाल्या, "फोटो ठेव बाजूले. ते पोरगी आता नाही राहिली. मले पाहून काढ."

स्नेहलने फोटो पालथा घातला आणि समोर पाहिलं. फार वेळ पाहणं तिला जमलं नाही. त्याचं कारण फोटो नव्हतं, वेगळंच होतं.

कोणत्या गावची, असं जमुनाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. गोंदियाची, असं तिने सांगितलं होतं. खोली गोंदियात होती, म्हणून ते अगदीच खोटं नव्हतं. आडनाव तिने सांगितलं नाही. पण तिची आई अन्नपूर्णा रामटेके कामठ्याशेजारच्या टोलीवर, दलित वस्तीत, राहायची आणि वीसेक वर्षं याच टेंभऱ्यांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, रोवणीला यायची. लहानपणी स्नेहल तिथेच धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बसून चिखलात बोटाने तोंडं काढायची. रोवणीवर लक्ष ठेवायला छत्री घेऊन उभ्या असणाऱ्या जमुनाबाई तिला आठवत होत्या.

रविवारी ती टोलीवर गेली. तांदूळ निवडत असलेल्या आईला तिने कोणाकडे काम चाललंय ते सांगितलं. अन्नपूर्णाचे हात क्षणभर थांबले.

"बाई वाईट नव्हती," ती म्हणाली. "पण मजुरी घ्याले अंगणातच उभं राहा लागे. तू कुठं बसते?"

"ओसरीवर."

आई पुन्हा तांदूळ निवडू लागली. स्नेहल दिवसभर घरात इकडून तिकडे फिरत राहिली. माणसाच्या तोंडावर तो कोण आहे ते दिसलं पाहिजे, असं ती सगळ्यांना सांगत आली होती, आणि स्वतः मात्र आडनाव गिळून बसली होती.

सोमवारी रंग लावण्याआधीच तिने जमुनाबाईंना सगळं सांगितलं. आईचं नाव, टोली, रोवणी. जमुनाबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मंग पहिल्याच दिवशी काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही बसल्या नसत्या, काकूजी."

त्यांनी विचार केला. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तो फक्त आजारामुळे नव्हता.

"नसतीच बसली," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत सावरून बसल्या. "आता बसली आहे. काढ."

स्नेहलला राग आला आणि बरंही वाटलं. त्या दिवसापासून तिचा ब्रश थांबला नाही. ओघळलेला ओठ, उघड्या डोळ्याची लालसर कड, त्या डोळ्यातला हट्ट, आणि कुठेतरी थोडीशी लाजसुद्धा. आठ दिवसांत चित्र झालं.

लक्ष्मीचंदांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. चित्र चांगलं आहे हे त्यांनी नाकारलं नाही, पण असं तोंड भिंतीवर लावून पाहुण्यांना काय दाखवायचं, असं विचारलं. तेवढा ओठ सरळ करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. स्नेहल नाही म्हणाली. वाद वाढण्याआधी जमुनाबाईंनी तिचा हात धरला आणि चित्र घेऊन जायला सांगितलं. इथे राहिलं तर आमचे हे ओठ कोणाकडून तरी सरळ करून घेतील, असं त्या म्हणाल्या.

स्नेहल ओलं चित्र दोन्ही हातांनी धरून बसमध्ये उभी राहिली. ते तिने खोलीत लावलं. नागपूरच्या एका प्रदर्शनात नेलं, पण विकलं नाही. २०११ च्या मार्चमध्ये जमुनाबाई वारल्याचं तिला धनेंद्रकडून कळलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी लक्ष्मीचंद तिच्या दारात उभे होते. आत येऊन ते थेट चित्रासमोर थांबले.

"घरी लग्नाचा फोटो लावला आहे," ते म्हणाले. "त्यातली बाई मले ओळखूच येत नाही. दोन वर्षं मी जिले घास भरवला, ते हे आहे."

ते चित्र मागायला आले होते. स्नेहलने जमुनाबाईंचे शब्द त्यांना जसेच्या तसे सांगितले. ते खाली बसले. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"तिचं बरोबर होतं," शेवटी ते म्हणाले. "मी केलंच असतं सरळ. राहू दे इथंच. मी येऊन पाहत जाईन."

ते खरंच येऊ लागले. गोंदियात काम निघालं की अर्धा तास चित्रासमोर बसायचे आणि निघून जायचे. जूनमध्ये एकदा ते आले तेव्हा अन्नपूर्णाही पोरीकडे आलेली होती. त्यांना पाहताच ती सवयीने उठून भिंतीला टेकली. लक्ष्मीचंदांनी चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची सोडून ते पलंगाच्या कडेवर सरकले.

"बस, अन्नपूर्णाबाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते 'बाई' अडखळत आलं.

अन्नपूर्णा लगेच बसली नाही. लेकीकडे एकदा पाहून मग खुर्चीवर टेकली. दोघं यंदाच्या पऱ्ह्यांबद्दल, धानाच्या रोपांबद्दल, बोलू लागले. रोप कुठे उगवलं, कुठे सडलं. त्या दिवशी स्नेहलने ब्रश हातात घेतलाच नाही. नुसती दोघांची तोंडं पाहत राहिली.