राबाच्या जागेचा अर्ज

ऐक ना रे, मधे बोलू नको, नुसतं ऐक! मुरबाडकडची आपली योगिनी, शहापूरला इंग्लिशच्या क्लासला जाते ती. तिच्या नामाकाकाच्या राबाच्या जागेला फार्महाऊसवाल्यानं तारेचं कुंपण घातलं. दरवर्षी तिथं पालापाचोळा भाजून काका भाताची रोपं करायचा. आता रोपंच नाय तर लावणी कशाची? त्या मालकाला मराठी वाचता येत नाय, म्हणून काका म्हणाला, "योगे, इंग्लिशमदी अर्ज लिव. चांगला झणझणीत!"

योगिनीकडं शब्द काय कमी? क्लासच्या वहीत 'घेणं' याला पानभर होते: ग्रॅब, सीझ, स्नॅच, ऑक्युपाय. तिनं 'सीझ' उचलला आणि काकाला समजावलं, "म्हणजे जबरदस्तीनं ताब्यात घेतली."

काकानं नाय म्हणून मान हलवली. मग म्हणतो, "जबरदस्ती नाय गो झाली. खांबांचे खड्डे मीच खणले."

"तुमी?"

"मजुरीला बोलावलं होतं. चुन्याची रेघ मारलेली, तिच्यावर खणत गेलो. वाटलं, गुरं अडवायला असंल, आपल्याला फाटक ठेवतील. तार ओढल्यावर बघतो तर फाटकच नाय."

योगिनीनं ते पान पुन्हा वाचलं रे, वरपासून खालपर्यंत. माणसाची जागा त्याच्याच हातानं काढून घेतली, याला तिथं शब्दच नव्हता. 'सीझ' ठेवावा तर मालक विचारणार, खड्डे कुणी खणले? नुसतं 'घेतली' लिहावं तर काकानं आपणहून दिल्यासारखं वाटणार. आणि काका समोर बसलाय, तिच्या पेनाकडं बघत. तूच सांग, तू काय लिहिलं असतंस?