काळ्या गाळाची पकड

मित्रांनो, मी खाडीच्या तळाचा एक जुना गाळ आहे. नाक दाबू नका, आधी ऐका! मी थापा मारतो असं खेकडे सांगत फिरतात. पण जे सरळ चालत नाहीत, ते सरळ बोलतील कसे?

पूर्वी काठावर धातूला मुलामा देणारा कारखाना होता. त्याचं सांडपाणी थेट माझ्या डोक्यावर पडे. शिसं, जस्त, कॅडमियम अशी एकेक जहाल मंडळी माझ्या पदरात आली. तळाशी प्राणवायू जवळजवळ नाहीच, गंधक मात्र मुबलक. त्या गंधकानं मी एकेकाला जखडून टाकलं. वर माशांनी सुखानं संसार केला. शाबासकी कुणी दिली नाही. वासापायी शिव्या तेवढ्या खाल्ल्या.

पुढे बोटी माझ्यात रुतू लागल्या, म्हणून मला उपसायचं ठरलं. उपसायचं यंत्र काठावरच्याच एका घरातला मामा चालवणार होता. मामीचे मासे शेजारीच, जाळीच्या पिंजऱ्यांत वाढत होते. त्यांच्याकडे राहणारी भाची पाणी तपासणारी. तिनं माझे दोन गोळे पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बरण्यांत घट्ट बंद करून घरी आणले. मामीनं एक उघडलीच.

"शी! मेला उंदीर बरा! जरा वारा लागू दे," म्हणत तिनं बरणी ढवळून खिडकीत ठेवली.

वारा लागला आणि गंधकाची पकड सुटत गेली. काळा मी तांबूस झालो. काही दिवसांनी भाचीनं दोन्ही बरण्यांतलं पाणी तपासलं. बंद बरणीत धातू नावालाच. उघडीत कॅडमियम मोकाट.

"मामी, काय केलंस हे!"

"काय म्हणजे? वास घालवला."

"वास गेला, पण विष सुटलं! आणि मामा आज सगळा तळच ढवळायला गेलाय!"

मामीचा चेहरा उतरला. "माझे मासे गं!"

दोघी धावत सुटल्या. इकडे यंत्राचा पहिला घास काठावर पसरला होता. दुसऱ्यासाठी लोखंडी दात खाली येत होते. इंजिनाच्या धडधडीत हाका कुठल्या ऐकू जायला! मामाला वाटलं, डबा आला. त्यानं हसून हात हलवला. तेव्हा मामीनं आपली होडी थेट त्या दातांखाली घातली.

"अगं, बाजूला हो! डोकं फिरलंय का?"

"आधी ते बंद करा! नाहीतर टाका माझ्याच डोक्यावर!"

इंजिन थांबलं. काठावरच्या ढिगातून पाणी परत ओघळत होतं. तिघांनी मिळून बांध घालून ते अडवलं, ढीग झाकला. त्यानंतर तपासल्याशिवाय मामीनं एकही मासा विकला नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं, तरी नाही.

मित्रांनो, उपसायचंच असेल तर मला जरूर उपसा. पण आधी तपासा, हळू काढा, ओला आणि झाकून न्या. ज्या हवेवर तुमचा जीव जगतो, तिच्यापुढेच माझा धीर सुटतो.