आडवी काठी

मऊ बर्फात रेनडिअरचा ठसा चार खुणांचा उमटतो: पुढे दोन रुंद खूर, मागे दोन लहान. दाबलेल्या रस्त्यावर मागच्या दोन उमटत नाहीत. पाय तेवढा बुडतच नाही. कापितोलिना गुडघ्यांवर बसून पाहत होती. ठसे दोनच खुणांचे होते. त्यांच्या शेजारून सरळ एका रेषेत लांडग्यांचे पंजे गेले होते. तेही बुडाले नव्हते.

थोडं पुढे बर्फ लाल झाला होता. कळपातली गाभण मादी फाडलेली पडली होती. कापितोलिनाने तिच्या गळ्यातली घंटा सोडवून खिशात टाकली आणि घसरगाडीपाशी परतली. कुत्रा गाडीवरून खाली उतरायला तयार नव्हता.

हमरस्त्याच्या बाजूने ट्रक येऊन थांबला. तिच्या थोरल्या भावाने, प्रोकोपीने, खिडकीतून डोकं काढलं.

"काय गं, वाट चुकलीस? एवढी रुंद करून दिली तरी?"

आजोबांची नागमोडी पायवाट त्यानेच बुलडोझरने सरळ केली होती, थेट तिच्या तंबूपर्यंत. भाचीसाठी. निवासी शाळेतून कापितोलिनाच्या लेकीला, लीदाला, रेनडिअरच्या गाडीने आणायचं तर सगळी सुट्टी वाटेतच सरायची. यंदा ती नव्या वर्षाला मामाच्या ट्रकने येणार होती.

त्याला लाल बर्फ दिसला. तो खाली उतरला.

"पुन्हा?"

"हं."

"बंदूक ठेवून जातो माझी."

"तू ये-जा करतोस म्हणून बर्फ घट्ट राहतो, दादा. ते तुझ्या चाकोरीतून येतात."

"म्हणजे लांडग्यांना मीच घेऊन येतो म्हण की!" तो हसला, आणि एकटाच हसला म्हणून थांबला.

घसरगाडीला लार्च झाडाची एक सोललेली काठी बांधलेली होती. गेल्या खेपेलाही त्याने ती पाहिली होती; तंबूची असेल असं त्याला वाटलं होतं. आता कापितोलिना तिची गाठ सोडू लागली. प्रोकोपीचा चेहरा उतरला. वाटेवर आडवी घातलेली सोललेली काठी आपल्या माणसाने ओलांडायची नसते. जो घालतो, त्यानेच उचलायची.

"लांडग्याला काठी कळते होय?"

"लांडग्याला नाही. तुला कळते."

तो बराच वेळ बुटाने बर्फ उकरत राहिला.

"पोरगी पिशवी भरून बसलीये. तिला काय सांगू?"

कापितोलिनाने काठी रस्त्यावर आडवी ठेवली. ती तंबूच्या बाजूला राहिली, तो ट्रकच्या. वाकताना खिशातली घंटा एकदा वाजली.

"सांग, आईनं वाट बंद केली."