एका माणसाच्या दोन साखरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर गूळगुरू उभे होते आणि त्यांच्यापुढे टेबलावर ताजे केक मांडले होते. साखरेचा कण नाही, निव्वळ गूळ, असं ते पुन्हा पुन्हा बजावत होते.

"साखर ही गोरी सावत्र आई," गुरू म्हणाले, "आणि गूळ ही सावळी सख्खी आई. सख्खी आई लेकराला मारेल का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सख्ख्या आईचा धपाटा ज्यांनी कधीच खाल्ला नाही, अशी माणसं त्या दिवशी नेमकी एकत्र जमली होती म्हणायची.

चमत्कार असा होता. मधुमेही मंचावर जाई, बोट टोचून यंत्रावर रक्तातली साखर मोजली जाई, आकडा बघून लोक हळहळत. मग गुरू त्याचे हात 'शुद्धिजला'ने धुऊन पुसत, केकचा भलामोठा तुकडा खाऊ घालत आणि लगेच दुसरं बोट टोचत. आकडा घसरलेला असे! गोड खाऊन साखर उतरते म्हटल्यावर औषधं कोण घेतो?

मंचावर स्वतःचा आकडा घसरलेला पाहून तिसऱ्या रांगेतल्या शिंप्यानंही ती सोडली होती. महिनाभर इन्सुलिन बंद, रोज गुळाचा केक. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती आणि उशीर केलात तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शिंप्याची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं समजावलं, भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. बाबांचं एकच पालुपद, एकदा डोळ्यांनी बघ आणि मग बोल. म्हणून ती आज त्यांच्या शेजारी बसली होती, दात-ओठ खात.

पुढचा रुग्ण कोण, असं गुरूंनी विचारताच तीच उठली. तिला मधुमेह नव्हता. गेल्याच आठवड्यात तपासणी झाली होती. तरी यंत्रानं दोनशे नव्वद दाखवले.

"ताई, तुम्हालाही जडलाय की हो," गुरू कळवळून म्हणाले.

रुमाल काढायला तिनं पर्स उघडली, तर बोटं चेनला चिकटली. दारात स्वागत म्हणून प्रत्येकाच्या हातावर सोललेली द्राक्षं ठेवली होती, मूठभर. निसर्गाचा गोडवा म्हणे! तिनं बोटांकडे पाहिलं, मग शुद्धिजलाच्या घंगाळाकडे, आणि तिचं डोकं एकदम ताळ्यावर आलं.

तिनं फक्त उजवा हात धुतला, कोरडा केला आणि दोन्ही हातांची बोटं टोचायला सांगितली. लोक बघत होते, त्यामुळे गुरूंना नाही म्हणता येईना. डाव्या हातात दोनशे ऐंशी, उजव्यात शहाण्णव. केक तर तिनं अजून तोंडातही घातला नव्हता.

"डावा हात वासनेचा असतो," गुरू क्षणभरही न अडखळता म्हणाले. "उजवा भक्तीचा."

लोकांनी माना डोलावल्या. मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. पण तेवढ्यात बाबा लंगडत मंचावर चढले. उभ्या आयुष्यात त्यांनी माप दोनदा घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नव्हती. त्यांनी मुद्दाम वासनेचा डावा हात धुतला, पुसला आणि दोन्ही हात पुढे केले. धुतलेल्या डाव्यात तीनशे चाळीस आले. उजव्यात यंत्रानं मोजायचंच नाकारलं, इतकी साखर.

"म्हणजे माझी साखर कधी उतरलीच नव्हती," बाबा हळूच म्हणाले. "नुसतं द्राक्ष धुतलं जात होतं."

गुरूंनी श्रद्धा कमी पडल्याचं निदान केलं आणि मागच्या दारानं पोबारा केला. काही भक्तांनी उरलेले केक तेवढे घरी नेले.

मुलगी बाबांना तिथूनच इस्पितळात घेऊन गेली. पाय वाचला, अंगठा गेला. महिन्यापूर्वी आला असतात तर तोही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"कळत नव्हतं असं नाही गं," ते म्हणाले. "पण किती वर्षांनी कुणीतरी मला गोड खा म्हणालं होतं."

मुलीला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

गूळ बिचारा निर्दोष आहे. त्याला रंग आहे, वास आहे, केकला तो झकास चव देतो, हौसेनं वापरावा. पण पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते, आणि रक्त गोरं-सावळं बघत नाही. म्हणून तुमच्या आजाराचं औषध कुणी केकमध्ये दाखवू लागलं, तर टाळी वाजवण्याआधी हात धुऊन या, आणि माप स्वतः दोनदा घ्या.