सरळ निघून गेलेलं गिऱ्हाईक

कोमलनं आपली क्रूझर मोटरसायकल विकायला काढली, तेव्हा सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते तिच्या वडिलांच्या. आठ वर्षांपूर्वी हेच महिपतीआबा, "पोरीला ही असली रेड्यावानी गाडी कशापायी?" म्हणून दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आता म्हणत होते, "घरातली गाडी हाय ती. तिला कुनी बाजार दावतं व्हय?"

"आबा, मला पिकअप घ्यायचाय. धरणाकडं बंद पडलेल्या गाड्या मी काय डोक्यावर घेऊन येऊ?"

कामशेतला कोमलचं दुचाकीचं गॅरेज होतं. शनिवार-रविवारी पवना धरणाकडं फिरायला येणाऱ्यांची एखादी तरी गाडी वाटेत रुसायची आणि कोमलचा फोन वाजायचा. स्वतःची क्रूझर मात्र तिनं कधी रुसू दिली नव्हती. रुंद हँडल, बसकी सीट, काळीभोर टाकी. एकोणपन्नास हजार किलोमीटर पळाली, तरी ऐन थंडीत बटणाला बोट लागायचा अवकाश, चालू. "दोष असेल तर शोधून दाखवा," असं कोमल गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. दोघांनी शोधून पाहिला, त्यांना सापडला नाही. पण त्या दोघांना तिनंच परत पाठवलं. एकानं इंजिन गरम व्हायच्या आधीच गाडी पिळली होती. दुसऱ्याला सायलेन्सर काढून फटाके वाजवायचे होते.

तिसरा आला श्रीयश. तळेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. भातकापणीचे दिवस होते, रविवार होता. उकिडवा बसून त्यानं चेन पाहिली, टायर पाहिले, नेमके प्रश्न विचारले. कोमलला माणूस पसंत पडला. एरवी चाचणीला ती स्वतः मागं बसायची, पण आज एका गिऱ्हाइकाचं इंजिन उघडं पडलं होतं आणि तिचे हात कोपरापर्यंत तेलात होते.

"लायसन्स आहे ना? मग पवनानगरच्या रस्त्यानं कडधे गावापर्यंत जा आणि या. वीस मिनिटांचं काम."

श्रीयशनं विश्वास म्हणून आपला फोन आणि पाठीवरची बॅग टेबलावर ठेवली, हेल्मेट घातलं आणि निघाला.

वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, तास होत आला. शेजारचा चहावाला भिमाजी कपबशा विसळता विसळता म्हणाला, "कोमलताई, गेली बगा गाडी. जुना फोन ठिवला आन् गाडी नेली. लय सस्त्यात पडली त्याला."

"चोर कधी चेनचं ग्रीस बोटानं बघत नाही, भिमाजीभाऊ."

"मंग बंद पडली आसंल."

"माझी गाडी बंद पडत नाही. हे कागदावर लिहून देते."

बाकड्यावर बसलेले महिपतीआबा हळूच म्हणाले, "आगं, पर त्यो पडला-बिडला तर न्हाई?"

कोमलनं हातातला पाना खाली ठेवला. तिनं हात पुसले, स्कूटर काढली. आबा न विचारताच मागं बसले.

पवनानगरचा रस्ता गाड्यांनी फुलला होता. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, कुठं कापलेल्या पेंढ्या. कडधे आलं, श्रीयश नव्हता. करुंजच्या पुढच्या वळणावर माणसांचा घोळका दिसला. तिनं स्कूटर पुढं काढली. एसटी आणि मोटार समोरासमोर येऊन अडकली होती, बाकी काही नव्हतं. मागून आबांनी सोडलेला श्वास तिला मानेवर जाणवला.

पवनानगरच्या अलीकडं, एका पेरूवालीच्या टोपलीशेजारी, श्रीयश दगडावर बसला होता. क्रूझर रस्त्याच्या खाली, स्टँडवर नीट उभी. कोमलला पाहताच तो ताडकन उठला.

"मॅडम, खरंच सॉरी. फोन तुमच्याकडं, आणि तुमचा नंबर फोनमध्ये. कुणाचा फोन मागून तरी काय करणार?"

"लागलं नाही ना कुठं? मग परत का नाही आलात?"

श्रीयशनं पेरूवालीकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "मला गाडी वळवता येत नाही."

"म्हंजी?" आबांनी विचारलं.

"सरळ छान जाते. पण एवढी जड गाडी एवढ्याशा रस्त्यात, दोन्हीकडून मोटारी... म्हटलं, पुढं रुंद जागा मिळेल तिथं वळवू. ती मिळेचना. जात जात इथपर्यंत आलो. आजवर स्कूटरच चालवलीय मी."

आबांना आधी खोकला आला आणि मग हसू. ते रस्त्याच्या कडेला वाकून हसले. कोमलही हसली असती, पण त्या पोराचे कान लाल झाले होते.

"चला," ती म्हणाली. गाडीवर बसली, पाय टेकून एका झटक्यात वळवली आणि जवळच्या मोकळ्या मैदानात नेली. "बसा. टाकीकडं बघायचं नाही. जिकडं जायचंय तिकडं मान वळवा. क्लच अर्धा धरा, मागचा ब्रेक हलका. पुढच्याला हात लावलात तर आडवे व्हाल."

पहिल्याच फेरीला त्यानं घाबरून पुढचा ब्रेक दाबला. क्रूझर म्हशीनं बसावं तशी सावकाश गवतात आडवी झाली. आठ वर्षांत पहिल्यांदा! "आरारारा!" आबा डोक्याला हात लावून धावले. कोमलनं मात्र पाऊल हलवलं नाही.

"इंजिनापुढचा गार्ड त्यासाठीच असतो," ती म्हणाली. "उचला. हातांनी नाही, पाठ सीटला लावा आणि पायांनी रेटा."

श्रीयशनं दात-ओठ खाऊन गाडी उभी केली. गार्डवर बोटभर ओरखडा होता. तो माफी मागणार, तेवढ्यात कोमल म्हणाली, "पुन्हा."

पाचव्या फेरीला जमलं. सातव्याला सुरेख जमलं. त्यानं हेल्मेटची काच वर केली तेव्हा त्याचा चेहरा बोर्डात आलेल्या पोरासारखा दिसत होता.

परतीला श्रीयश पुढं क्रूझरवर, मागं स्कूटरवर बापलेक. आपली गाडी अशी पाठमोरी चालताना कोमलनं कधी पाहिलीच नव्हती. इंजिनचा तो एका लयीतला ठोका वाऱ्यावरून तिच्यापर्यंत येत होता. डोळे जरा चुरचुरले. पण मनात दुसरीच गोष्ट भरून आली: काय ठेवलीय गाडी मी!

"देनार का त्याला?" आबांनी कानाशी विचारलं.

"त्यालाच देणार. पण आणखी दोन रविवार शिकवल्याशिवाय नाही."

"मंग एका रविवारी मला बी बसीव त्याच्या मागं. पोरगं खरं बोलतंय."

गॅरेजवर श्रीयशनं पैसे काढायला बॅग उघडली. कोमलनं ती बंद करायला लावली आणि पुढच्या रविवारी सकाळी आठला यायला सांगितलं. तो आला, त्याच्या पुढच्याही आला. त्या तिसऱ्या रविवारी आबांना मागं बसवून त्यानं भिमाजीच्या टपरीसमोर एका दमात गाडी वळवली आणि कोमलनं कागदांवर सह्या केल्या.

दिवाळीनंतर पिकअप आला. पाटीवर नाव रंगवायचं बाकी होतं, तोच येळशाहून फोन आला. कुणाची तरी गाडी चढावर थांबली होती.

"लोकेशन पाठवा," कोमल म्हणाली आणि चावी उचलली.