वाघाच्या वर्षाची

दारावरचं लाल फडकं मीच बांधलं होतं. फडकं दिसलं की समजायचं, आत बाळंतीण आहे आणि वाघाच्या वर्षी जन्मलेल्या बाईनं महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही. आमच्यात दर वर्षाला एका जनावराचं नाव, बैलानंतर वाघ येतो; वाघाची बाई तान्ह्याला बाधते म्हणतात. माझी विहीण छ्याओयुन वाघाच्या वर्षाची, हे साऱ्या गावाला ठाऊक.

माझंही वर्ष वाघाचंच, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. वाघाच्या मुलीला स्थळ मिळत नाही, म्हणून वडिलांनी लग्न जमवताना मला एका वर्षानं मोठी केली आणि बैलाच्या वर्षात ढकलली. तीस वर्षं मी बैल होऊन राबले. कुणाला शंका नको म्हणून वाघाचा नियम सगळ्यांत कडक मीच पाळायची. नात झाली तेव्हा पहिल्यांदा उचललीही मीच.

छ्याओयुन रोज बर्फातून तीन कोस चालत यायची. राळे, अंडी फाटकाशी ठेवून तिथल्या दगडावर बसायची. आत सुपिंग, माझी सून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. दूध उतरेना, पेज गळ्याखाली जाईना. आईला बोलवा, एवढंच म्हणायची.

अकराव्या दिवशी विहीण म्हणाली, "खिडकीतून तरी बघू द्या हो."

"महिना सरू दे, मग पोटभर बघा. पोरीला काही झालं तर नाव कुणाचं घ्यायचं?"

"पोरगी नवीन वर्ष लागल्यावर तिसऱ्या दिवशी झाली. म्हणजे तीही वाघाचीच. तिलाही फाटकाबाहेर ठेवणार का?"

मला राग आला. खरं बोललेलं झोंबतंच. मी पाठ फिरवून घरात आले.

नवरा जन्मनोंदणीचा कागद घेऊन बसला होता. "चार दिवस मागची तारीख घालू," तो म्हणाला. "सुईण आपलीच आहे. पोरगी बैलाच्या वर्षात जाईल, लग्नाच्या वेळी कटकट नको."

माझा बाप असाच बोलला होता. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं.

"आहे तीच तारीख लिहा," मी म्हटलं. "मीही वाघाचीच आहे. अकरा दिवस पोरगी माझ्याच मांडीवर आहे. काय झालं तिला?"

त्यानं कागद खाली ठेवला. "तीस वर्षं फसवलंस मला," म्हणाला.

"हो."

मी बाहेर जाऊन फडकं सोडलं, फाटक उघडलं. "विहीणबाई, आत या. मीसुद्धा वाघाचीच."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर हात धरेल. तिनं खांद्यावरचा बर्फ झटकला.

"म्हणजे वाघानं काही होत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली आणि मला ओलांडून आत गेली.

आतून सुपिंगचं रडणं ऐकू आलं, मग नातीचं. मला आत जायला कुणी मनाई केली नव्हती. पण फडकं हातात धरून मी त्या दगडावर बसून राहिले.